लहरी नद्यांतले हीला मासे आणि धरणाचे थंड पाणी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि त्याला लागून असलेल्या उत्तर मेक्सिकोत ज्या थोड्या नद्या वाळवंटातून वाट काढत वाहतात, त्या नद्यांमध्ये ‘हीला’ नावाच्या प्रजातीचे मासे राहतात. रोमन लिपीतले नाव वाचून मराठीत कोणी ‘गिला’ असे लिहील. पण ज्या हीला नदीवरून हे नाव पडले ती न्यू मेक्सिकोत उगम पावून ॲरिझोनातून वाहते आणि तिचा उच्चार स्पॅनिश वळणाचा आहे. स्पेन्सर बेअर्ड आणि चार्ल्स जिरार या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी १८५३ मध्ये या प्रजातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज तिच्यात वीसच्या आसपास जाती धरल्या जातात आणि त्यांपैकी बऱ्याच जाती कोणत्या ना कोणत्या संकटग्रस्त यादीत आहेत.

आपल्याकडचे रोहू, कटला आणि मृगळ ज्या मोठ्या गणात मोडतात, त्याच गणातले हे मासे आहेत. या गणातील माशांच्या जबड्यांवर दात नसतात; बाजारातून आणलेल्या रोहूच्या तोंडात बोट फिरवून पाहिले तरी हे लक्षात येते. त्यांचे दात घशात, कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर असतात आणि गिळलेला किडा किंवा शेवाळ तिथे चिरडले जाते. हीलाच्या जाती ओळखताना अभ्यासक या घशातल्या दातांच्या रांगाही मोजतात. पूर्वी ही प्रजाती कार्पच्याच कुलात धरत असत. अलीकडच्या वर्गीकरणात ते भलेमोठे कुल फोडण्यात आले आणि हीला ल्युसिसिडे नावाच्या वेगळ्या कुलात गेली. तिकडचे लोक या माशांना सरसकट ‘चब’ म्हणतात, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

हे मासे समजून घ्यायचे तर आधी नदी समजून घ्यावी लागते. रॉकी पर्वतातून निघून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाणारी कोलोरॅडो नदी सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे आणि तिचे पाणी मुख्यतः पर्वतावरच्या बर्फाचे असते. धरणे होण्यापूर्वी मे-जूनमध्ये बर्फ वितळले की ग्रँड कॅन्यनच्या तोंडाशी सेकंदाला अडीच हजार घनमीटरांच्या आसपास पाणी येई, आणि हिवाळ्यात तीच नदी सेकंदाला शंभर घनमीटरांच्याही खाली उतरे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या मोसमी पावसाच्या सरी कोसळल्या की उपनद्या अचानक फुगत आणि लाल गाळ घेऊन येत. पाण्याचे तापमान हिवाळ्यात गोठणबिंदूपर्यंत उतरे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ३० अंश सेल्सिअसच्या जवळ जाई. वर्षभरात इतके टोकाचे बदल सोसणाऱ्या माशांच्या जाती कमीच असतात. म्हणूनच एवढ्या मोठ्या नदीत मूळच्या माशांच्या जाती फार थोड्या होत्या. पण ज्या होत्या त्यांतील बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. नदीचा हा लहरीपणा परक्या माशांना टिकू देत नव्हता, आणि चब मासे त्याच्याच आडोशाने लाखो वर्षे निर्धोक राहिले.

हीला प्रजातीतील सर्वांत विचित्र दिसणारा मासा म्हणजे हम्पबॅक चब. डोके लहान व चपटे, डोळे बारीक, मुस्कट खालच्या बाजूला झुकलेले, आणि डोक्याच्या लगेच मागे एकदम उठलेले कुबड. कुबडापासून मागे जाताना शरीर झपाट्याने निमुळते होत जाते, शेपटीच्या अलीकडे ते पेन्सिलीइतके बारीक होते आणि त्यापुढे मोठी, खोल दुभागलेली शेपटी फुलते. खवले इतके लहान आणि कातडीत रुतलेले असतात की अंगाचा बराचसा भाग उघडाच भासतो. पूर्ण वाढलेला मासा साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर लांब असतो आणि तीस वर्षांहून अधिक जगतो.

हे कुबड कशासाठी, याचे उत्तर बरीच वर्षे एकच दिले जाई: वेगवान प्रवाहात पाण्याचा दाब माशाला तळाशी धरून ठेवतो आणि त्याची दमछाक होत नाही. स्पष्टीकरण ऐकायला पटते. मात्र पुढे काही संशोधकांनी दुसरी शक्यता मांडली, आणि मला ती अधिक वजनदार वाटते. या नदीत कोलोरॅडो पाइकमिनो नावाचा मोठा शिकारी मासा असे. तोही कार्पच्याच गोतावळ्यातला, पण जुन्या नोंदींनुसार जवळजवळ सहा फूट वाढणारा. त्याच्या जबड्यांवरही दात नसतात, त्यामुळे भक्ष्याचे तुकडे करणे त्याला जमत नाही. जे तोंडात मावेल ते त्याला अख्खे गिळावे लागते. अशा शिकाऱ्यापासून वाचायचे तर अंगाची उंची वाढवणे हा साधा उपाय ठरतो. त्याच नदीत रेझरबॅक सकर नावाच्या पूर्णपणे वेगळ्या कुलातल्या माशालाही डोक्यामागे उंचवटा आहे. त्याचा उंचवटा हाडाचा आणि चबचे कुबड मांसल, म्हणजे दोघांनी एकाच अडचणीवर स्वतंत्रपणे तोडगा काढला असावा.

एवढा ठळक मासा, पण विज्ञानाला त्याची ओळख फार उशिरा पटली. बोनीटेल आणि राउंडटेल चब या त्याच्या दोन सख्ख्या भावंडांची नोंद १८५३ मध्येच झाली होती. हम्पबॅक चबचे वर्णन मात्र रॉबर्ट रश मिलर यांनी ग्रँड कॅन्यनमध्ये मिळालेल्या अगदी मोजक्या नमुन्यांवरून १९४६ मध्ये केले. खोल दऱ्यांमधल्या खळाळत्या, गढूळ पाण्यात जाळे टाकायला फारसे कोणी जात नसे, हे त्याचे कारण.

या तीन भावंडांच्या नात्यात एक गुंतागुंत आहे आणि ती वाळवंटी नद्यांच्या स्वभावातूनच आली आहे. पाऊसमान बरे असताना खोरी एकमेकांना जोडली जातात, मासे मिसळतात आणि वेगवेगळ्या जातींचा संकरही होतो. मग शतकानुशतके दुष्काळ पडतो, प्रवाह तुटतात, आणि ज्या डोहात जे अडकले त्यांची वेगळी वंशावळ सुरू होते. नेवाडा, युटा आणि ॲरिझोनातून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीतला चब हे याचे उत्तम उदाहरण आहे. तो राउंडटेल आणि बोनीटेल यांच्या संकरातून निर्माण झालेली स्थिर जाती असल्याचे १९९२ मध्ये जनुकीय पुराव्यानिशी मांडले गेले. दोन जातींच्या संकरातून तिसरी जाती तयार होणे वनस्पतींमध्ये नेहमीचे असले तरी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्या काळी ती अपवादाची गोष्ट मानली जाई.

अशा प्रजातीत जातींच्या सीमा कुठे आखायच्या, हा प्रश्न थेट सरकारी फायलींपर्यंत पोहोचला. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोतील हीला नदीच्या खोऱ्यात तीन चब मानले जात: मोठ्या प्रवाहातला राउंडटेल, उगमाकडच्या ओढ्यांतला हेडवॉटर चब आणि झरे-दलदलींतला हीला चब. त्यांपैकी हीला चबला २००५ मध्ये कायद्याने ‘धोक्यात आलेली जाती’ म्हणून संरक्षण मिळाले आणि इतर दोघांना संरक्षण देण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये आला. दरम्यान असे लक्षात आले की, मासा कोणत्या ओढ्यातून आणला हे सांगितले नाही, तर त्याची खवले, पर आणि मापे पाहून तो तिघांपैकी कोणता हे खात्रीने ठरवता येत नाही. मत्स्यतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संस्थांच्या संयुक्त नामसमितीने २०१६ मध्ये तिघांना एकच जाती, म्हणजे राउंडटेल चब, ठरवले, आणि पुढच्या वर्षी सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला. काही जनुकशास्त्रज्ञांना हा निर्णय मान्य नाही. त्यांच्या मते बाह्य खुणा जुळत असल्या तरी वंशावळी वेगळ्या आहेत. वाद पुस्तकी वाटतो, पण कागदावरचे नाव बदलले की संरक्षणाचे गणितही बदलते, आणि ओढ्यातला मासा मात्र होता तोच राहतो.

आता या माशांवर ओढवलेल्या संकटाकडे येऊ. त्यातला सर्वांत थक्क करणारा प्रसंग १९६२ च्या सप्टेंबरातला आहे. कोलोरॅडोची मोठी उपनदी ग्रीन हिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण होत आले होते आणि होऊ घातलेल्या जलाशयात शौकिनांसाठी ट्राउट मासे सोडायचे ठरले होते. ट्राउटला स्पर्धा नको म्हणून आधीच्या ‘निरुपयोगी’ माशांचा नायनाट करण्याची योजना आखली गेली आणि ती राज्यांच्या मत्स्यखात्यांनी केंद्र सरकारच्या पैशातून राबवली. ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्या मिळून सुमारे ७०० किलोमीटर लांबीच्या प्रवाहात रोटेनोन ओतले गेले. रोटेनोन हे काही वनस्पतींच्या मुळांत मिळणारे द्रव्य असून ते माशाच्या पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. झाडपाला ठेचून पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत आपल्याकडच्या आदिवासी भागांतही जुनी आहे, पण ती एका डोहापुरती असते. इथे विषाचा परिणाम संपवण्यासाठी खालच्या बाजूला पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची व्यवस्था केली होती; ती अपुरी पडली, आणि विष पुढे डायनोसॉर राष्ट्रीय स्मारक या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत शिरून तिथलेही मासे मेले. मिलर यांच्यासह अनेक मत्स्यशास्त्रज्ञांनी आधीच विरोध नोंदवला होता. नंतर गदारोळ झाल्यावर सरकारी जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याचे (इंटिरिअर) तत्कालीन सचिव स्ट्युअर्ट उडाल यांनी १९६३ मध्ये निर्देश दिला की, यापुढे अशा मोहिमांत एखादी दुर्मिळ जाती नष्ट होण्याचा धोका असेल तर त्या धोक्याला निर्णयात सर्वाधिक वजन द्यावे. अमेरिकेत अप्रिय, खाण्यातही फारशा नसलेल्या माशाला जगण्याचा काही हक्क आहे हे सरकारी भाषेत आले, त्याची सुरुवात साधारण इथून धरता येते.

विष ओसरते, धरण मात्र जागेवर राहते. ग्रँड कॅन्यनच्या वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मार्च १९६३ मध्ये बंद झाले आणि त्यामागे पॉवेल जलाशय भरू लागला. या धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडले जाणारे पाणी जलाशयाच्या खोल थरातून येते. तिथे सूर्याची ऊब पोहोचत नाही, त्यामुळे बारा महिने ८ ते १० अंशांचे पाणी दरीत वाहू लागले. गाळ जलाशयात बसला, म्हणून खालची तांबडी नदी हिरवी आणि नितळ झाली. हम्पबॅक चबच्या अंड्यांना आणि पिल्लांना साधारण १६ ते २२ अंशांचे पाणी लागते; १० अंशांत अंडी बहुतेक वाया जातात आणि वाचलेल्या पिल्लांची वाढ जवळजवळ थांबते. नितळ पाणी डोळ्यांनी शिकार करणाऱ्या ट्राउटच्या पथ्यावर पडले, तर अंधुक पाण्यात लपून राहण्याची सवय असलेल्या बारीक डोळ्यांच्या चबचा आडोसा गेला.

चब तरीही संपला नाही, याचे श्रेय लिटल कोलोरॅडो या उपनदीला आहे. तिच्यावर मोठे धरण नाही. कोरड्या हंगामात तिचा वरचा बराचसा भाग सुकतो, पण संगमाच्या अलीकडे सुमारे २० किलोमीटरांवर ब्लू स्प्रिंग आणि आसपासच्या झऱ्यांतून चुनखडीने भरलेले, २० अंशांच्या आसपासचे निळसर पाणी वर्षभर येत राहते. ग्रँड कॅन्यनमधले बहुसंख्य हम्पबॅक चब या पट्ट्यात अंडी घालतात. पुरात पिल्ले मुख्य नदीत वाहून गेली की त्यांना क्षणार्धात दहा अंशांचा फरक सोसावा लागतो. ती बधिर होतात, नीट पोहू शकत नाहीत, आणि संगमाशी ट्राउट असतातच.

या आसऱ्यातही एक पाहुणा शिरला. १९९० मध्ये इथल्या चबच्या आतड्यांत आशियाई फीतकृमी आढळला. आपले मत्स्यशेतकरी ज्याला ‘गवत्या’ म्हणतात त्या ग्रास कार्पबरोबर हा कृमी पूर्व आशियातून जगभर पसरला, आणि त्याला वाढायला ऊबदार पाणीच लागते. चबसाठी जे पाणी सुखाचे, तेच कृमीसाठीही सुखाचे, असा हा पेच आहे.

संगमाजवळचे ट्राउट कमी करण्यासाठी २००३ ते २००६ या काळात पाण्यात विजेचा सौम्य धक्का देऊन २०,००० हून अधिक परके मासे पकडून काढण्यात आले. झुनी या मूळ अमेरिकी जमातीसाठी ही दरी पवित्र आहे. तिथे एवढ्या जिवांची हत्या होण्याला त्यांनी तीव्र हरकत घेतली, आणि पुढच्या योजनांत मासे मारण्याऐवजी जिवंत हलवण्याचा पर्याय विचारात घ्यावा लागला. मोहिमेनंतर चब वाढले हे खरे, पण श्रेय तिलाच द्यावे असे म्हणवत नाही, कारण त्याच काळात ट्राउट एकूणच घटत होते आणि दुष्काळामुळे जलाशय खाली जाऊन धरणातून थोडे कोमट पाणी येऊ लागले होते. १९८९ च्या सुमारास संगमाच्या परिसरात सुमारे ११,००० प्रौढ चब असावेत असा अंदाज होता. २००१ पर्यंत ते निम्म्यावर आले आणि त्यानंतर पुन्हा सावरले. हे अंदाज माशाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी सूक्ष्म चिप टोचून, तोच मासा पुन्हा सापडतो का हे वर्षानुवर्षे पाहून काढलेले आहेत.

कोमट पाण्याचा सर्वांत अनपेक्षित फायदा दरीच्या पश्चिम टोकाला झाला. खालचा मीड जलाशयही आक्रसल्याने पूर्वी बुडालेला नदीचा भाग उघडा पडला, आणि नदीने गाळातून नवी वाट कोरताना पियर्स फेरी येथे एक दांडगा धबधबावजा खळाळ तयार झाला. जलाशयातल्या शिकारी माशांना तो सहजी चढता येत नाही. गेल्या दशकात या पश्चिम भागात चब मोठ्या संख्येने वाढले. १९६७ पासून ‘धोक्यात’ या वर्गात असलेला हम्पबॅक चब ऑक्टोबर २०२१ मध्ये एक पायरी खालच्या, ‘संकटप्रवण’ वर्गात आणला गेला.

पुढच्याच वर्षी चित्र पालटले. पॉवेल जलाशयाची पातळी इतकी उतरली की वीजघराच्या नळांत वरच्या, उन्हाने तापलेल्या थरातले पाणी येऊ लागले आणि त्याबरोबर त्या थरात राहणारे स्मॉलमाउथ बासही टर्बाइनमधून जिवंत खाली पोहोचले. हा पूर्व अमेरिकेतला मासा पॉवेल जलाशयात शौकिनांसाठीच सोडला गेला होता, आणि वरच्या खोऱ्यात त्याने चबची पिल्ले फस्त केल्याचा अनुभव ताजा होता. जुलै २०२२ मध्ये धरणापासून थोड्याच अंतरावर नदीकाठच्या एका साचलेल्या पाण्यात बासची पिल्ले सापडली. सप्टेंबरमध्ये त्या पाण्यात रोटेनोन टाकण्यात आले. साठ वर्षांपूर्वी चब मारण्यासाठी वापरलेले विष या वेळी चब वाचवण्यासाठी वापरले गेले.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्याहून मोठा उपाय झाला. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत धरणाच्या तळाकडच्या नळांतून थंड पाणी सोडून वीजघरातल्या कोमट पाण्यात मिसळण्यात आले, म्हणजे लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंत तापमान १५.५ अंशांच्या खाली राहावे आणि बासला अंडी घालता येऊ नयेत. त्या हंगामात धरणाखाली बासची नवी पिल्ले आढळली नाहीत. तळाच्या नळांतून जाणाऱ्या पाण्यावर वीज तयार होत नसल्याने वीजग्राहक संस्था नाराज झाल्या. चबच्या दृष्टीनेही हा सौदा फुकटचा नाही, कारण संगमाजवळ मुख्य नदीत वाढणारी पिल्ले पुन्हा गारठतात. अर्धे शतक ज्या थंड पाण्याला दोष दिला, तेच आता ढाल म्हणून वापरायचे, आणि ढाल किती वेळ धरायची ते दरवर्षी नव्याने ठरवायचे, अशी तिथल्या व्यवस्थापकांची स्थिती आहे.

प्रजातीतल्या लहान जातींचे हाल वेगळे आहेत, पण मूळ तेच. चिवावा चब अमेरिकेच्या हद्दीतून नामशेष झाला असे धरले होते. १९७५ मध्ये तो न्यू मेक्सिकोतल्या मिम्ब्रेस नदीत पुन्हा सापडला. ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात जिरते. सोनोरा चब दुष्काळात उरलेल्या चार-दोन डोहांत तग धरतो आणि ओढा वाहू लागला की पुन्हा पसरतो. याकी चब ॲरिझोना-मेक्सिको सीमेवरच्या झऱ्यांवर अवलंबून आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत प्रश्न धरणाचा नसून भूजलाच्या उपशाचा आहे.

सर्वांत बिकट अवस्था बोनीटेलची आहे. एकेकाळी तो कोलोरॅडोच्या मोठ्या प्रवाहांत विपुल होता. १९८० मध्ये त्याला धोक्यात आलेली जाती घोषित केले तेव्हा मोहावे जलाशयात काही म्हातारे मासेच उरले होते. हे मासे जवळजवळ पन्नास वर्षे जगतात, त्यामुळे धरण झाल्यावर एकही पिल्लू जगत नसताना प्रौढ मासे दिसत राहिले आणि जाती ठीक असल्याचा भास दीर्घकाळ टिकला. त्यांतल्या बोटांवर मोजता येतील इतक्या माशांपासून न्यू मेक्सिकोतल्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात पैदास सुरू झाली, आणि आज नदीत असलेले बोनीटेल त्यांचेच वंशज आहेत. दरवर्षी हजारो सोडले जातात, बहुतेक लवकरच मरतात, आणि नदीत स्वतःच्या बळावर टिकणारी संख्या अजून कुठेही झालेली नाही.

थोडी आशा दिसली ती ग्रीन नदीत. युटामध्ये तिच्या काठच्या पाणथळ जागांत २०१५ आणि २०१६ मध्ये सोडलेल्या बोनीटेलनी अंडी घालून पिल्ले वाढवल्याचे आढळले. या पाणथळ जागा पूर आल्याशिवाय भरत नाहीत, आणि पूर आता फ्लेमिंग गॉर्ज धरणातून सोडावा लागतो. तो केव्हा सोडायचा याचे वेळापत्रक मुळात रेझरबॅक सकरच्या पिल्लांसाठी बसवले होते: नदीत त्याची पहिली पिल्ले दिसली की धरणाला कळवले जाते, पाणी सोडले जाते आणि पाणथळीचे दरवाजे उघडतात. तोंडाशी बसवलेल्या जाळीतून मोठे परके कार्प आत शिरत नाहीत. पाणी काही महिने धरून ठेवतात आणि शरद ऋतूत बाहेर सोडताना त्यासोबत निघणारी पिल्ले एकेक करून मोजतात.